कोनाचा रे तू?

कोपर गावात एखादा अनोळखी माणूस आला आणि मंजुळाआजीच्या ओटीवरून बिनबोभाट पुढे गेला, असं कधी झालं नाही. ती सुकट निवडत असो, लसूण सोलत असो, नाहीतर नुसतीच पाय पसरून बसलेली असो, हाक यायचीच. "कोनाचा रे तू?" मग तो मीटरचं रीडिंग घेणारा असो की पार्सल आणणारा. बापाचं नाव, आजोळ, गावची देवी, एवढं सांगितल्याशिवाय सुटका नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये आलेल्या एका कोल्हापूरकडच्या पाहुण्याला तिने असा पिळून काढला, की तो बिचारा शेवटी म्हणाला, "आजी, माझ्या लग्नाचं बघताय का?" "तुझं थोबार बघून कोन देनार रे पोर तुला," असं म्हणत तिने त्याला घरातून गार पाणी आणून दिलं.

आता कोणी याला भोचकपणा म्हणेल. म्हणू देत. पण मंजुळाआजी धवलारीण होती, आणि माणसांची नावं ठेवणं, म्हणजे लक्षात ठेवणं, हे तिचं कामच होतं. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधी मांडवाची डहाळी रोवण्यापासून हळद लागेपर्यंत धवलारीण गाते, आणि ती गात असते तोवर त्या मांडवात तिचंच राज्य. धवला म्हणजे ते गाणं. त्याला पेटी नाही, ढोलकी नाही, डीजेचं तर नावच काढू नका. एक ओळ धवलारणीने म्हणायची, मागे बसलेल्या बायांनी ती झेलायची, बस्स. पण त्या गाण्यात नावं लागतात. नवरीचं, तिच्या बापाचं, आज्याचं, मामाचं, गावदेवीचं, दारातल्या झाडाचंसुद्धा. जिवंत माणसाचं नाव राहिलं तर तो रुसतो, आणि मेलेल्याचं राहिलं तर घरातली म्हातारी माणसं रडायला लागतात. त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांवर कोणाच्या घरात कोण, कोणाची लेक कुठे दिली, हे सगळं मंजुळाआजीच्या जिभेवर असायचं.

तिचा नवरा दाजी नाखवा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची आपल्या आईच्या नावाची होडी होती, शेवंता. खाडीत मासळी होती तोवर ती चालली, मग कारखान्यांचं पाणी वाढलं, मासळी गेली, होडी काठावर कुजली, आणि दाजीही गेला. एकुलता एक मुलगा प्रणित शिकला. घोडबंदर रोडला एका कंपनीत तो तिथले कॉम्प्युटर सांभाळतो, सकाळी जातो तो ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत दिवेलागणीनंतर परत येतो. सून मेघाली डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. राहता राहिली नात दक्षता, आठवीतली. दुपारी शाळेतून आली की ती आणि आजी, दोघीच घरात.

आणि काय गळा होता त्या पोरीचा! डीजेच्या जमान्यात बाकीच्या पोरी धवला सुरू झाला की मोबाईल घेऊन मांडवाबाहेर पळायच्या. ही मात्र आजीच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि ओळ झेलायची. आजीचा दम पुरला नाही तर हळूच पुढची ओळ उचलून द्यायची, लोकांना कळायचंसुद्धा नाही. "माझी मागची हाय ती," आजी सांगायची. मागची म्हणजे मागून म्हणणारी, आणि आपल्या मागे राहणारी. दोन्ही तिला म्हणायचं असायचं.

शाळा आणि क्लास दोन्ही मोबाईलवरून अभ्यास धाडायला लागले, तेव्हा दक्षताला फोन घ्यावा लागला. प्रणित या बाबतीत पक्का. त्याने त्या फोनला जेवढी म्हणून कुलपं घालता येतात तेवढी घातली. अकाउंट प्रायव्हेट. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घ्यायची नाही. फोन रात्री आईबापाच्या खोलीत. फक्त मैत्रिणी आणि नातेवाईक. पण नातेवाईक म्हटल्यावर गडी अडकला. कोळ्याच्या घरात नातेवाईक म्हणजे काय मूठभर असतात? अर्धी खाडी नात्यात! मग त्यानेच तोडगा काढला.

"हे बघ दक्षू, नात्यातला आहे म्हणून कोणी मेसेज केला, तर आधी आजीला विचारायचं. आजी हो म्हणाली तरच बोलायचं."

मेघाली हसली. "म्हणजे आई आपल्या घरच्या ओटीपी झाल्या."

तोडगा वाईट नव्हता हो. एकदा तर तो कामालाही आला. भिवंडीकडची मावशी म्हणून कोणीतरी दक्षताला मेसेज केला, लाडाने बोलली, शाळा कुठली विचारलं. दक्षताने फोन आजीपुढे धरला. आजी म्हणाली, "विचार तिला, तुझे आज्याचं नाव काय? होरीचं नाव काय?" पलीकडून मावशी जी गप झाली ती कायमची. आजीने ही गोष्ट मच्छी बाजारापासून गावदेवीच्या देवळापर्यंत सगळ्यांना ऐकवली. "मना मोबाईल नाय येत, पन मोबाईलमधले चोर पकरायला येतान!" घरात सगळे निर्धास्त झाले. झाले म्हणजे काय, गाफील झाले.

मग आला सुदेश. आजीच्या दिराचा मुलगा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो, त्याचं स्वतःचं चॅनेल आहे. पोरगा मनाने चांगला, त्याला दोष देऊन उपयोग नाही. म्हणाला, "काकी, तुझ्यानंतर धवला कोण गाणार? रेकॉर्ड करून ठेवू या. पुढच्या पोरांना राहील."

मंजुळाआजीने ठेवणीतलं लुगडं काढलं, गळ्यात सोनं घातलं, केसांत अबोलीचा गजरा माळला, आणि दारातल्या आंब्याखाली बसली. पण बसल्यावर प्रश्न पडला. नवरी कुठाय? नावं कोणाची घ्यायची?

"नावं राहू दे काकी, नुसतं गा," सुदेश म्हणाला.

"बिननावाचा धवला? येरा झालास काय रे तू? मी माझे नातीचंच गाते. कधीतरी व्हनारच हाय ना तिचं लगीन." तेवढ्यात दक्षता शाळेतून आली. आजीने तिला आहे तशी, युनिफॉर्ममध्येच, पाठीमागे बसवली. आणि आवाज लावला.

कोपर गावान, गावदेवीचे पायान,
आंब्याचे सावलीन मांडव गो घातिला,
दाजी नाखव्याची शेवंता होरी गो,
शेवंता होरीन वऱ्हार आयला,
प्रणित बापाची, मेघाली आयची,
दक्षता बाय गो पाटावं बैसली.

व्हिडिओ असा चालला की विचारू नका. कुठून कुठून लोकांनी लिहिलं, आजी, डोळ्यात पाणी आलं. दक्षता एकेक वाचून दाखवायची आणि आजी म्हणायची, "परत वाच गो तो." प्रणितने तो स्टेटसला ठेवला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मेघालीने लॅबमधल्या डॉक्टरांना दाखवला. मुलीच्या फोनला कुलपं घालणारा बाप तो, आणि त्याच मुलीचं नाव, गाव, शाळेच्या बिल्ल्यासकट चेहरा त्याने आपल्या हाताने शेकडो लोकांना पाठवला. तेव्हा कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. कौतुकाच्या भरात येत नाही माणसाच्या.

पावसाळा सरता सरता एक मेसेज आला. नाव अनिश. फोटोत कॉलेजातला वाटणारा, नीटनेटका मुलगा. लिहिलं होतं, मी तुझा लांबचा भाऊ लागतो, आपण लहानपणी एका लग्नात भेटलेलो. दक्षताने नियमाप्रमाणे फोन आजीकडे आणला.

"विचार त्याला, तुझे आज्याचं नाव काय?"

उत्तर आलं, तुझ्या आजोबांना सगळे दाजी नाखवा म्हणायचे.

आजी सावरून बसली. "होरी कुठली व्हती त्यांची?"

शेवंता, उत्तर आलं. आणि त्याने आपणहून पुढे लिहिलं, दारात तो आंबा आहे का गं अजून?

बाई गं! दाजी गेल्यावर त्या होडीचं नाव परक्या तोंडून मंजुळाआजीने ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. "शेवंतेचं नाव बाहेरचे मानसाला कसं ठाव असंल? दाजींची मावशी वसईला दिलेली, तिचे घरातला दिसतो. विचार, वसईचा का तू?"

दक्षताने विचारलं. हो, वसईचा, उत्तर आलं.

"आपलाच मानूस हाय गो. बोल त्याचेशी."

एवढं झालं. कुलपं सगळी जागच्या जागी होती. आतून कडी काढून दिली ती मंजुळाआजीने.

दिवाळी झाली आणि लग्नांचे दिवस आले. शेजारच्या शालनकडे मुलीचं लग्न निघालं होतं. लग्नाआधी घरी पापड लाटायला आळीतल्या बाया जमतात, त्या मंजुळाआजीच्या ओटीवर बसल्या होत्या. पोळपाट मांडलेले, पिठाचे उंडे तेलात भिजवलेले, एकीकडे गाणं, एकीकडे कोणाची सून कशी याची उजळणी. आजी मधोमध, हातात लाटणं, अगदी रंगात आलेली. दक्षता शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच ओटीच्या पायरीवर उभी राहिली. एक पाय पायरीवर, एक खाली.

"आजी, ऐक ना."

"बोल गो."

"आत ये ना जरा."

"हात माखलेत माझे. बोल हितंच."

पोरीने बायांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तो अनिशदादा सारखा फोटो मागतो."

"मंग दे की. भाव हाय तुझा."

"दिले दोन. अजून मागतो. आणि म्हणतो घरी सांगू नको. मला नाही आवडत, आजी."

बाया हसल्या. शालन म्हणाली, "अगो, भाव लय मायाळू दिसतो." आजीही हसली. लाटणं फिरतच होतं. "हे बघ, नात्यातले मानसाला असं तोरून बोलू नये. उद्या मांडवात भेटला त मी काय तोंड दाखवू? जा, भात वारून घे."

दक्षता उभीच राहिली. अजून काही बोलेल असं वाटलं. मग पायरीवरचा पाय तिने खाली घेतला आणि मागच्या दाराने घरात गेली. आजीने उरलेलं गाणं पुरं केलं. पापड छान झाले होते, पातळ, एकसारखे.

त्यानंतर पोर बदलली. शालनच्या मुलीच्या हळदीला पोट दुखतंय म्हणाली, आली नाही. आजी मागे वळून वळून पाहत गायली आणि दोनदा दम तुटला. दक्षताचं जेवण कमी झालं, फोन वाजला की दचकायला लागली. आजी म्हणाली, वयात येतेय पोर, होतं असं. प्रणित म्हणाला, मार्क कमी झाले तर फोन काढून घेईन. आणि एका सकाळी शाळेच्या वेळेला ती बाथरूममधून बाहेरच येईना. मेघालीने दार वाजवलं, मग ढकललं. पोर नळ सोडून फरशीवर बसली होती आणि ओठ चावून रडत होती.

मेघालीचं कौतुक करायला हवं. ती ओरडली नाही. लॅबला फोन करून आज येत नाही म्हणाली, त्याच ओल्या फरशीवर मुलीशेजारी बसली, आणि म्हणाली, "मी कुठे जात नाहीये. तुला जमेल तसं सांग."

तो कोणी अनिश नव्हताच. त्याने दक्षताच्या साध्यासुध्या फोटोंतला चेहरा उचलून कुठल्यातरी घाणेरड्या फोटोंना जोडला होता, आणि तो धमकावत होता. अजून फोटो पाठव, नाहीतर हे तुझ्या बापाच्या ऑफिसात पाठवीन, सुदेशच्या चॅनेलखाली टाकीन, गावात बघतील सगळे. तेरा वर्षांची पोर ती. तिला वाटलं आपण खरंच काहीतरी केलं.

प्रणितचं डोकं फिरलं. आधी तो फोन भिंतीवर आपटायला निघाला, मेघालीने हातातून हिसकावून घेतला. मग तो पोरीवर ओरडला, मग स्वतःवर, मग मोटरसायकलला लाथ मारून आला. शेवटी सगळे पोलिसांकडे गेले. मंजुळाआजीही गेली. "तो वसईचा हाय, मी सांगते त्यांना कोनाचा ते," असं घोकत.

तिथे रसिका मॅडम म्हणून अधिकारी होत्या, प्रणितच्याच वयाच्या. त्यांनी आधी दक्षताला पाणी दिलं. "बाळा, तुझी काही चूक नाही, हे आधी ऐकून घे. मेसेज पुसले नाहीत ना? शाब्बास. आता त्याला काही पाठवायचं नाही, काही उत्तर द्यायचं नाही. बाकीचं आमच्यावर सोड." मग त्या प्रणितकडे वळल्या. "पण याला तुमच्या घरातलं इतकं कसं माहीत?"

"नात्यातला हाय ना तो," आजी मध्येच म्हणाली. "दाजी म्हायत, शेवंता म्हायत, दारातला आंबा म्हायत..."

मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. क्षणभराने खोलीत आवाज भरला. कोपर गावान, गावदेवीचे पायान... मंजुळाआजीला पहिल्यांदा कळलंच नाही की हा आपलाच आवाज आहे. मग एकेक ओळ येत गेली. आंबा आला. दाजी आला. शेवंता आली. बाप आला, आई आली, आणि शेवटी पोरीचं नाव आलं, आणि मागे युनिफॉर्ममध्ये बसलेली पोर ते नाव झेलताना हसली.

व्हिडिओ संपला. मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, त्याला जे जे माहीत होतं ते सगळं यात आहे. फक्त वसई कुठे दिसत नाही."

वसई कुठून आली ते मंजुळाआजीला ठाऊक होतं. तिनेच ती त्याच्या तोंडात घातली होती.

मग मॅडमनी दक्षताला विचारलं, अगदी सहज, लिहून घेता घेता. "हे सुरू झालं तेव्हा तू घरी कोणाला सांगितलं होतंस का गं?"

दक्षताने मान वर केली. आजीकडे पाहिलं. ती नजर मंजुळाआजी मरेपर्यंत विसरणार नाही. मग पोरीने मान खाली घातली.

"नाही. कोणालाच नाही."

बोलायचं होतं तेव्हाच. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, नाय मॅडम, हिने मना सांगितलेलं. एवढंच. पण मुलगा शेजारी, सून शेजारी, समोर खाकी वर्दी. ज्या बाईला अख्खी खाडी विचारते कोण कोणाचा, ती फसली म्हणायचं? तेही पोरीने सावध करूनसुद्धा? मंजुळाआजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गप्प बसली. गावभर जिची जीभ चालली, तिची तिथे नेमकी चालली नाही.

माणूस सापडला. कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातला, चांगला बाप्या, पोराबाळांचा. असेच खोटे भाऊ, खोटे दादा होऊन त्याने अजून किती पोरींना छळलं होतं. ते फोटो कुठे पसरले नाहीत, देवाची कृपा. सुदेशने व्हिडिओ काढून टाकला, येऊन काकीच्या पाया पडला. लोक म्हणाले, सुटलात थोडक्यात.

पण घरात काय सुटलं? प्रणितच्या मनात एकच काटा रुतून बसला होता, आणि तो घटकेघटकेला पोरीला टोचायचा. जेवताना, टीव्हीवर बातमी लागली की, फोनचं बिल आलं की. "एकदा सांगितलं असतंस तर! एकदा! आम्ही काय मेलो होतो?" त्याचा राग प्रेमापोटी होता, कबूल. दक्षता दर वेळी खाली मान घालून घास गिळायची. आणि समोर बसलेली आजीही गिळायची.

एका दुपारी आजीने तिला एकटीला गाठलं. "कनाला खोटं बोललीस गो पोलिसांचे पुढं?"

दक्षता वहीत रेघा मारत राहिली. "पप्पा तुला ओरडले असते. आणि तुला सगळे मानतात ना, आजी."

तेरा वर्षांच्या पोरीने म्हातारीची अब्रू पदरात झाकून घेतली होती, आणि म्हातारी खुशाल झाकून घेत होती. तिला स्वतःची अशी किळस आली की त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तरी बोलायला अजून काही आठवडे लागलेच. लाज अशी सहजासहजी तोंड उघडू देत नाही.

एका रविवारी प्रणितचा ऑफिसातला मित्र प्रशांत बायको-मुलांना घेऊन जेवायला आला. आजी आत बोंबील तळत होती. बाहेर मोबाईलचा, मुलांचा विषय निघाला आणि प्रणित बोलायला लागला. "अरे, तू कितीही लॉक लाव. मुलं सांगतच नाहीत, तिथे काय करणार? आमचंच बघ. घरात आजी आहे दिवसभर, तिला तरी सांगायचं! पण नाही." दक्षता तिथेच होती, पाहुण्यांना पाण्याचे ग्लास देत.

आजी झारा हातात घेऊन बाहेर आली. झाऱ्यातून तेल फरशीवर गळत होतं.

"तिनं सांगितलेलं."

"काय?"

"मना सांगितलेलं. पापराचे दिवशी. मना नाय आवरत म्हनाली, आत ये म्हनाली. मी हासले तिला. चार बायांचे पुढं हासले, नि भात वारायला आत पाठवली. परत तिला काय बोलू नको. बोलायचं त मना बोल."

प्रशांतची बायको मुलांना घेऊन ओटीवर गेली. प्रणित आईकडे वळला. "आये, मग पोलिसांसमोर का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंच उत्तर होतं. प्रणित उठला, दक्षताजवळ गेला. तिच्या हातातला ट्रे त्याने काढून घेतला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून "सॉरी बाळा" म्हणाला, आणि मग पोर जी रडली, मोठमोठ्याने, सगळ्या महिन्यांचं एकदम. मेघालीने तिला कुशीत घेतलं. आजी झारा घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे कोणी आलं नाही, आणि कोणी यावं असं तिला वाटलंही नाही.

आता घरात बरं चाललं आहे. प्रणित टोचत नाही. त्याने स्वतःच्या फोनमधले पोरीचे फोटो एकेक करून काढून टाकले, आणि आता कुठला टाकायचा झाला तर आधी तिला विचारतो, ती नको म्हणाली की विषय संपला. मंजुळाआजी लग्नात गाते, पण गाण्याआधी सांगते, "मोबाईल खाली ठेवा, मंग नावं घेते." काही पोरं तोंड वाकडं करतात. करू देत. दक्षता मांडवात येते, कधी कधी मैत्रिणींबरोबर नाचतेही. आजीच्या पाठीमागे मात्र ती परत बसली नाही. आजीने बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

आजीशी ती भांडत नाही, रुसत नाही. चहा देते, गोळ्या आठवणीने देते, पाय चेपून देते. तिने एकदा तरी ओरडून बोलावं, असं आजीला फार वाटतं.

परवाची गोष्ट. संध्याकाळ होती, मेघाली आत कालवण करत होती, आजी ओटीवर लसूण सोलत होती. दक्षता बाहेरून फोनकडे बघत बघत आली. चेहरा जरा उतरलेला. पूर्वी ती इथेच थांबायची, फोन आजीच्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, आजी, हा कोणाचा गं? या वेळी ती आजीच्या बाजूने, लसणीच्या पाकळ्यांवर पाय पडू न देता, पुढे आत गेली. "कोनाचा" हा शब्द मंजुळाआजीच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो परत गिळला.

"मम्मी, ऐक ना."

मेघालीने डाव ठेवला. हात पुसले. ओट्याला टेकून खाली बसली आणि पोरीला शेजारी बसवलं. "सांग."

तो कोण, कुठला, हे तिने विचारलंच नाही. "तुला कसं वाटलं ते वाचून?" एवढंच विचारलं, आणि मग ऐकत राहिली. पोर आधी अडखळत, मग भराभरा बोलायला लागली. क्लासमधल्या कुठल्या मुलाचं काहीतरी होतं, फार मोठं नसावं. पण मेघाली अशी ऐकत होती, की जणू घरात दुसरं काहीच चाललेलं नव्हतं.

कालवण खाली लागायला लागलं. वास ओटीपर्यंत आला. त्या दोघींना पत्ता नव्हता. मंजुळाआजी गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, त्यांच्यामधून न जाता भिंतीच्या कडेने गेली, आणि गॅस बंद केला. दोघींपैकी कोणी वर पाहिलं नाही.

ती परत येऊन ओटीवर बसली. अर्धा सोललेला लसूण हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. त्या दिवशी लाटणं खाली ठेवायला असा कितीसा वेळ लागला असता.